दोन शिडाच्या होड्या आणि पुढची फळी

सांगलीच्या माणसाला पाण्याची हौस नसते. आमच्याकडे पाणीच पावसाळ्यात घरी येऊन जातं, त्यामुळे आपण होऊन पाण्याकडे जायची गरज कोणाला वाटत नाही. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात खऱ्या, पण त्याही आम्ही काठावर उभे राहून, भजी खात, वल्ही मारणाऱ्यांना शहाणपण शिकवत बघतो. शिडाची होडी तर मी साठी उलटेपर्यंत फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. म्हणून विलासचा फोन आला तेव्हा मी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

"तब्येत ठणठणीत हाय. तू चार दिस काढ," तो म्हणाला. "माझ्याकडं दोन होड्या हायत. एक ठिवायची, एक द्यायची. कुठली ठिवायची त्ये तू येऊन सांग."

"मला होडीतलं काय कळतंय रं?"

"म्हणून तर. ज्याला कळतंय त्यो आपलंच खरं करतोय."

विलास आणि मी कऱ्हाडच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. बारावीनंतर तो फौजेत गेला, मी वडिलांच्या हळदीच्या अडतीवर बसलो. तो सुभेदार होऊन उंब्रजजवळच्या आपल्या गावी परतला; मी अजून अडतीवरच आहे, फक्त गल्ल्यावर आता मुलगा बसतो. दोन मालांतला बरा कोणता हे सांगण्यात माझा जन्म गेला. हळद काय आणि होडी काय, हाताळून, वास घेऊन, चार बाजूंनी बघून सांगायचं. जानेवारीत दुकानात फारसं काम नव्हतं. मी पिशवी भरली.

उंब्रज

कारखाने सुरू होते. हायवे सोडला की उसाच्या ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या. विलास मला घ्यायला स्टँडवर आला होता. मोठी होडी अशाच एका उसाच्या ट्रॉलीवरून आणली, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. कोकणातून ती घाट चढून वर आली तेव्हा वाटेत रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांनी विचारलं म्हणे, "सुभेदार, ही गाळपाला घेत्यात व्हय?"

घरी सुमनवहिनींनी चहाबरोबर उसाच्या रसातली पोळी दिली. वहिनी बोलायला मोकळ्या, पण होडीचा विषय निघाला की त्यांना आत काहीतरी काम निघायचं. दोन वेळा असं झालं तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

रात्री नव्हे, संध्याकाळीच, मी जेवून उठल्यावर विलासने अंगणात मला सगळं उलगडून सांगितलं. मी जैन असल्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवतो. पुढे ही गोष्ट कामाला येणार आहे म्हणून इथं सांगून ठेवतो.

धाकटी होडी त्याच्याकडे आधीपासून होती. फौजेत तो इंजिनियरांच्या पलटणीत, तिथंच त्याला शिडाचा नाद लागला. एका साहेबांची जुनी लाकडी होडी शेडमध्ये पडून होती. साहेब निवृत्त होताना ती त्याला देऊन गेले. ती त्याने कोयनेच्या पाण्यावर नेली आणि एकटाच फिरवू लागला. थोरली त्याने गेल्या वर्षी आणली, आणि ती स्वतःसाठी आणली नाही.

"सगळी नोकरी मी भाईर," तो म्हणाला. "पोरं हिनं वाढवली, रान हिनं बघितलं. आता वाटतंय, हिला घिऊन आठ दिस पाण्यावर ऱ्हावं. तितंच निजायचं, तितंच खायचं. धाकटीत काय सोय न्हाई, म्हणून मोठी आणली. गादी हाय, शेगडी हाय, संडास बी हाय. पर ही काय येत न्हाई गड्या."

"का येत नाहीत?"

"त्येच कळत न्हाई. पाण्याला भ्यायची न्हाई ती. इहिरीत पवायची."

ज्या धक्क्याला होड्या बांधतात तिथल्या मालकाने यंदा एकाच होडीला जागा देईन म्हणून सांगितलं होतं. कोकणातला एक गृहस्थ चौथ्या दिवशी ट्रॉली घेऊन येणार होता, जी द्याल ती नेतो म्हणाला होता. विलासचा हिशोब सरळ होता. मोठीच चांगली असं मी, म्हणजे बाहेरच्या माणसाने सांगितलं, तर कदाचित सुमन ऐकेल. मोठीतही ती येणार नसेल, तर मग मोठी ठेवून करायचं काय?

"मग धाकटीच बरी. एकट्याला पुरती," तो म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला. मला वाईट वाटलं. साठी उलटलेला फौजी बायकोला फिरायला न्यायचं म्हणून एवढा खटाटोप करतो आणि ती आतच निघून जाते, हे बघायला बरं वाटत नाही.

कास उतरून

दुसऱ्या दिवशी वहिनीही गाडीत बसल्या. होडीत बसायला नव्हे. "भावजींना दिवसाउजेडी जेवाण लागतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर उपाशी ऱ्हातील."

कासचं पठार फुलांच्या दिवसांत बघावं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ते करपलेल्या भाकरीसारखं दिसत होतं आणि त्यावर एक जोडपं फुलं शोधत होतं. वारा मात्र फुकट आणि भरपूर. तिथून रस्ता खाली उतरतो आणि अचानक दोन डोंगरांच्या मधे पाणी दिसतं, हिरवंगार, वाकडंतिकडं, ज्या ज्या ओढ्याने जागा दिली त्या त्या ओढ्यात घुसलेलं. कोयनेच्या धरणाचं हे मागचं पाणी. आमच्या कृष्णेचं पाणी कायम कुठंतरी निघालेलं असतं. हे बसलेलं पाणी होतं. मला ते पसंत पडलं.

बामणोलीच्या अलीकडे एका वाडीत तात्याचा धक्का आहे. तात्या म्हणजे काळा, काटक, सत्तरीचा माणूस. पर्यटकांना मोटारबोटीतून पलीकडे तापोळ्याला नेऊन आणतो. त्याच्या घरची एक खोली आम्हाला मिळाली. आमच्याकडे शाळूची भाकरी, इथं नाचणीची. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, इथं आधी पाण्याची चौकशी: कसं आलात, पाण्याने की रस्त्याने? रस्त्याने आलेल्या माणसाबद्दल तात्याला फारसा आदर नसावा. तापोळ्याची स्ट्रॉबेरी मात्र त्याने टोपलीभर दिली, ती आंबट होती आणि आम्ही सगळी खाल्ली.

धाकटी

दुपारी वारा उठला तशी विलासने आधी धाकटी काढली. सागवानी फळ्या, तांब्याचे रिव्हेट, आणि बुडाला डांबराचा वास. लांबीला आमच्या दुकानाच्या पडवीएवढी. पुढच्या टोकाला एवढंसं छत आहे, त्याखाली दोघं झोपू शकतात असं विलास म्हणतो. मी आत शिरून पाहिलं. एक जण झोपू शकतो, दुसऱ्याने बाहेर बसून त्याच्या झोपेची राखण करावी.

विलास मागे सुकाणूपाशी बसला आणि मला त्याने डोलकाठीच्या बुडाशी आडव्या फळीवर बसवलं. तोंड पुढे, पाठ त्याच्याकडे. मागे वळून बसलं की शिडाचा आडवा वासा डोक्यावरून फिरतो तो नेमका कपाळात बसतो. हे मला विलासने आधी सांगितलं नाही. वाशाने सांगितलं. माझी टोपी पाण्यात गेली आणि विलास मागून ओरडला, "डोकं खाली!" टोपी तोपर्यंत बरीच लांब गेली होती.

पण होडी चालली सुरेख, हे कबूल केलं पाहिजे. जड होती, म्हातारी होती, पण एकदा वारा धरला की तिला काही सांगावं लागत नव्हतं. लाट आली की ती तिच्यावर चढायच्या भानगडीत पडत नसे, मधून जाई. आवाज म्हणाल तर बुडाखाली पाण्याची गुळगुळ तेवढी.

अर्ध्या वाटेत मी विलासला विचारलं, तो समोरचा डोंगर कोणता? वारा पुढून होता, त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मी परत विचारलं. पुन्हा तेच. मग मी विचारायचं सोडलं आणि नुसता डोंगर बघत बसलो. मधून मधून पाठीमागून फक्त हुकूम यायचे. "डावीकडं सरक!" "दोरी सोड!" "डोकं!" परत आलो तेव्हा पाय आखडले होते आणि दुपारभर मी कोणाशी बोललो नव्हतो. वहिनी काठावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं आणि आतून हळद आणली. हळदीच्या व्यापाऱ्याला हळद लावताना त्यांना हसू आलं.

मी मनाशी नोंद केली: धाकटी चालायला उत्तम, बसायला वाईट, झोपायला अशक्य.

थोरली

थोरलीचं नाव 'सुमन'. निळ्या रंगात, हाताएवढ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना. ही फायबरची, पांढरी, गुळगुळीत, अंगाने लांब आणि मागच्या बाजूला चांगली रुंद. आत तीन पायऱ्या उतरून गेलं की खोलीच. गाद्या, खिडक्या, शेगडी, भांडी अडकवायला आकडे, कोपऱ्यात संडास. एवढ्या जागेत मुंबईकर संसार करून दाखवतील. धाकटीनंतर मला इथं एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी निघण्याआधी विलासने सामान भरलं. पाण्याचे कॅन पुढे. तांदळाचं पोतं पुढे. नांगर, साखळी, गॅसची टाकी, सगळं पुढच्या टोकाला. मी विचारलं, मागे एवढी जागा आहे, सगळं पुढे का कोंबतोस?

"उलाळ हुईल की!" तो म्हणाला, जणू मी गाढवासारखं काही बोललो.

बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी मागे कलते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. उसाची गाडी भरणारा कोणीही म्हणूनच चार मोळ्या पुढेच जास्त टाकतो. विलासचं लहानपण उसाच्या गाडीवर गेलं. धाकटीतही एकट्या माणसाचं वजन मागे, म्हणून पुढे ओझं टाकलं की ती सरळ चालते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फौजेने त्याला शीड शिकवलं असेल, पण ओझं कुठं टाकायचं हे तो बापाकडून शिकला होता. मला ते पटलं. आम्हीही ट्रकमध्ये पोती अशीच लावतो.

थोरली धक्का सोडून निघाली आणि विलासचे हाल सुरू झाले. जरा वारा लागला की ती तोंड वाऱ्याकडे फिरवायची, शीड फडफडायचं आणि होडी जागच्या जागी उभी. तो सुकाणू जोर लावून ओढायचा, ती थोडी वळायची, पुन्हा तेच. नाक पाण्यात खुपसून ती अशी चालत होती की मारका बैल बघावा. विलासचा शर्ट घामाने भिजला.

"तोंडाची येडी हाय ही," तो म्हणाला. "शिकंल हळूहळू."

एक पूर्ण गिरकी घेऊन आम्ही पुन्हा तिथंच आलो तेव्हा तात्या लांबून मोटारबोटीतून गेला. त्याने हात वर केला, आणि विलासला तो टोमणा वाटला. असावाही.

दुपार अशीच गेली. मग विलासने वैतागून सुकाणू दोरीने बांधून टाकलं आणि आतल्या शेगडीवर स्वतःसाठी सुके बोंबील भाजायला घेतले. ज्याने हा वास बंद खोलीत घेतला नाही त्याला मी काही समजावू शकणार नाही. उन्हं कलली होती, मला सूर्य मावळायच्या आत जेवायचं होतं, वहिनींनी डब्यात पिठलं-भाकरी दिली होती, आणि त्या वासात मला घास गिळला नसता. मी डबा उचलला आणि खोलीतून बाहेर पडून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब, होडीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. माझं वजन सांगत नाही. अडतीवर मला काट्याजवळ उभं राहू देत नाहीत एवढं सांगतो.

दुसऱ्या घासाला होडी सरळ झाली.

शीड भरलं, फडफड थांबली आणि ती सुतासारखी पुढे निघाली. विलास बोंबील सोडून धावत बाहेर आला. "काय केलंस तू?"

"जेवतोय."

"पुढं जा जरा."

मी डबा घेऊन पुढे गेलो. होडीने पुन्हा नाक खुपसलं, तोंड फिरवलं, शीड फडफडलं. "आता मागं ये." मागे आलो. सरळ. "परत फुडं." मी म्हटलं, विलास, सूर्य बुडतोय, मला जेवू दे. पण त्याने मला चार वेळा पुढे-मागे नाचवलं आणि पिठलं सगळं डब्याच्या झाकणाला लागलं. मग तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला. एवढं मोकळं हसताना मी त्याला वसतिगृहानंतर पाहिलं नव्हतं. या जातीच्या होडीला ओझं मागे लागतं. तिची मागची बाजू एवढी रुंद केलीय ती त्यासाठीच. वर्षभर तो तिला उसाच्या गाडीसारखी भरत होता आणि तिलाच नावं ठेवत होता.

आम्ही कॅन, पोतं, साखळी, सगळं ओढत मागे आणलं. मग ती जी निघाली ती तात्याच्या मोटारबोटीच्या बरोबरीने धक्क्याला आली. काठावर उतरताना माझा निकाल तयार होता. थोरली. प्रश्नच नाही. हे वहिनींना सांगायचं काम विलासने माझ्यावर टाकलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

काठावर

चौथ्या दिवशी उजाडताच वहिनी पाण्याच्या काठाला दगडावर बसून घेवडा निवडत होत्या. मी शेजारच्या दगडावर बसलो आणि व्यापाऱ्याच्या पद्धतीने मालाचे गुण सांगायला सुरुवात केली. गादी कशी मऊ, खिडकीतून डोंगर कसे दिसतात, भांडी कशी आकड्याला अडकतात, शेगडी कशी हलत नाही. वहिनी घेवडा निवडत राहिल्या.

"भावजी," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमाला तितं समदं दिसलं. मला आत गेल्या गेल्या फकस्त शेगडी दिसली. घरी एक चूल हाय, गॅस हाय, गोठ्यात शेणी हायती. आता पाण्यावर बी रांधायला जाऊ व्हय मी?"

 माझ्याही घरी हे सगळं काम कोण करतं ते मला माहीत आहे.

"मग धाकटी?" मी विचारलं.

"धाकटीत बसले हुते की एकदा. ह्यांनी न्हाई सांगितलं तुमाला? नोकरी सुटली त्याच वर्षी. नवं लुगडं नेसून गेले. मला फुडं फळीवर बसवलं, हे मागं. म्या काय बोलले त्ये ह्यांना ऐकू यीना, हे काय बोलले त्ये मला. ऐकू आलं त्ये एवढंच, डोकं खाली, डोकं खाली. दुपारभर डोंगराकडं बघून उतरले आन् मग परत न्हाई गेले."

माझा हात आपोआप कपाळावरच्या टेंगळाकडे गेला.

"सुट्टी संपली की हे येष्टीत बसायचे, म्या पाठ बघत ऱ्हायची," वहिनी म्हणाल्या. "आता म्या फुडं बसायचं आन् ह्यांनी माझी पाठ बघायची. त्याला काय अर्थ हाय?"

"हे तुम्ही विलासला सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं का? गादी पायजे का म्हणून इचारलं. संडास पायजे का म्हणून इचारलं." घेवड्याची ताटली उचलून त्या उठल्या. "आन् माझं नाव त्या बोटीच्या पेकाटावर लिवलं, त्ये बी न इचारता."

 मला लाज वाटली. एक अख्खी दुपार त्या फळीवर मी स्वतः बसलो होतो, पाय आखडले, बोलणं बंद झालं, आणि मी लिहून ठेवलं काय, तर 'बसायला वाईट'. तिथं आणखी कोण बसलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता हे विलासला सांगायचं का? दुसऱ्याचं मन तिसऱ्याच्या तोंडून सांगितलं की त्याची चव जाते, हे मला दलालीत कळलंय. मी ठरवलं, नाही सांगायचं. विलास दोऱ्या आवरत होता. त्याच्यापाशी जाऊन मी एवढंच म्हटलं, "वहिनींना एक विचार. होडीत कुठं बसायचं ते."

"म्हंजी?"

"म्हणजे तेच. कुठं बसायला आवडेल."

त्याने आवरलेली दोरी पुन्हा सोडली. फौजेत कोणाला कुठं बसायचं हे विचारायची पद्धत नसावी.

वाळू

उन्हं जरा वर आली तसा कोकणातला माणूस ट्रॉली घेऊन हजर झाला. गळ्यात उपरणं, तोंडात पान, अत्यंत सभ्य माणूस. दोन्ही होड्या त्याने बघितल्या, दोन्ही बऱ्या म्हणाला आणि झाडाखाली बसून राहिला. धक्क्यावर आम्ही सगळे होतो. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे.

विलासने घसा साफ केला. "सुमन," तो म्हणाला, आणि थांबला. मग एकदम परेडवर विचारावं तसं म्हणाला, "तुला बसायला कुठं आवडंल?"

वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. मग त्यांनी धाकटीकडे हात केला, अगदी मागे, सुकाणूपाशी, विलास बसतो त्या फळीकडे. "तितं."

"तितं तर मी बसतोय."

"म्हणून तर."

विलास गोंधळला. "आगं, दोघं मागं बसलो तर उलाळ हुईल. फुडं वजन पायजे तिला."

"मग पोतं ठिवा की वाळूचं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या जागी. त्या दिशी म्या तरी काय हुते तितं? पोतंच की."

तात्या खाली बघून उगीच दोरीची गाठ सोडायला लागला. विलासने धाकटीतल्या त्या फळीकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. एवढी वर्षं ज्या फळीकडे तो रोज बघत होता ती त्याला आता दिसली होती.  माफी मागणं त्याच्या अंगात नाही. त्याने थोरलीतलं तांदळाचं पोतं बाहेर काढलं, तांदूळ तात्याच्या चादरीवर ओतला आणि रिकामं पोतं घेऊन काठावर गेला. गुडघ्यावर बसून तो ओंजळी-ओंजळीने वाळू भरायला लागला. तात्या फावडं घेऊन पुढे झाला तर "ऱ्हाऊ दे" म्हणाला.

थोरली ट्रॉलीवर चढवायला दुपार झाली. दोरखंड आवळून झाल्यावर विलास पत्र्याची पट्टी घेऊन तिच्यावरचं नाव खरवडायला निघाला. वहिनींनी त्याला अडवलं.

"ऱ्हाऊ दे. कोकणात चाललीया न्हवं? तेवढंच माझं नाव समुद्र बघून यील."

पान खाणारा गृहस्थ म्हणाला, नाव चांगलं आहे, आम्ही बदलणार नाही. ट्रॉली वळणावरून वर गेली तेव्हा ती निळी अक्षरं झाडांमधून दोन-तीनदा दिसली. चांगली होडी होती. तिच्याबद्दलचा माझा निकाल मी अजूनही मागे घेतलेला नाही. शेगडी, गादी, चाल, सगळ्यात ती धाकटीपेक्षा दहा पटींनी सरस. फक्त ज्या माणसासाठी ती आणली होती त्या माणसाला ती नको होती.

वारा उठल्यावर दोघं धाकटीतून निघाले. पुढच्या फळीवर पोतं, डोलकाठीला पाठ लावून, तोंड डोंगराकडे. मागे दोघं खेटून. त्या फळीवर दुसऱ्या तऱ्हेने बसताच येत नाही. होडी सरळ गेली. मी आणि तात्या धक्क्यावर बसून राहिलो.

बऱ्याच लांब गेल्यावर शीड फडफडायला लागलं. फडफड ऐकली की विलासच्या अंगाचा तिळपापड होतो, हे मी थोरलीत बघितलं होतं. मी वाट बघत राहिलो. शीड फडफडतच राहिलं. होडी पाण्यावर नुसतीच, जाईल तिकडे चालली होती.

"काय झालं असंल?" मी तात्याला विचारलं.

तात्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "बोलत्यात," तो म्हणाला.

मी वहिनींनी ठेवलेला डबा उघडला आणि जेवून घेतलं. ते आले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. विलास दोरी बांधायला खाली उतरला, त्याचं तोंड ऊन लागून तांबडं झालं होतं आणि तो काहीतरी सांगता सांगता अर्ध्यात थांबल्यासारखा दिसत होता. मी हात देऊन वहिनींना धक्क्यावर घेतलं आणि विचारलं, "काय वहिनी, कसं काय दिसलं पाणी? डोंगर कसे दिसले?"

त्यांनी पदर झटकला.

"आमी कुटं बघितलं डोंगर," त्या म्हणाल्या. "त्या पोत्याला इचारा."